पितळेचा जोड

मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान रविवारी दुपारपर्यंतच उघडं असायचं. त्या रविवारी शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लागलं आणि तो साबण घेऊन हात धुवायला वळला, तोच त्याची मुलगी घरातली हिरवी लेडीज सायकल ढकलत आत आली. चाकांत हवा नाही, चेन कोरडीठाक, सीटवर धुळीचा थर.

"बाबा, हात धुऊ नका. अजून एक गिऱ्हाईक आहे."

"दुकान बंद झालं."

"घरच्यांसाठी तुमचं दुकान उघडं असतं कधी?"

हे बोलणं तिच्या आईचं. सूरही तोच. मिस्त्रीने साबण खाली ठेवला.

सायकल तिच्या आईचीच होती. ती जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. छातीचं दुखणं निघालं, थोडे दिवस अंथरुणावर होती, आणि एका सकाळी सगळं संपलं. तेव्हापासून सायकल घराच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्री येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळायचा. मुलगी मात्र बघत असावी. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. लॅब नुकतीच टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली होती, आणि तिथे पोचायला बस बदलावी लागायची.

"उद्यापासून मी हिच्यावरून जाणार," ती म्हणाली. "ती बस नको आणि त्या कंडक्टरचं तोंड नको."

"नवी घेऊन देतो की."

"नवी नको. हीच हवी. आईची आहे."

मिस्त्रीने सायकल उचलून स्टँडला टांगली, रॉकेलचा बोळा घेतला आणि मागच्या चाकापासून पुसत पुढे आला. हात कामाला लागल्यावर त्याला जरा बरं वाटलं. पायडल फिरवून बघितलं, चाकाच्या तारा चाचपल्या, ब्रेक दाबून बघितले. मुलगी लाकडी पेटीवर बसून पाय हलवत लॅबमधल्या गमती सांगत होती. कुणा म्हाताऱ्याने कवळी घातली आणि म्हणाला, ही माझी नाही, हिला बायकोची चव येतेय. मिस्त्री हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मग बोळा पुढच्या तिरप्या नळीवर आला. ही नळी हँडलखालच्या उभ्या नळीला जिथे मिळते त्याच्या थोडं मागे, हिरवा रंग किंचित वेगळा होता. तो त्याला आठवला. "गंज धरला होता, मीच डबा आणून रंग दिला," असं बायको म्हणाली होती, आणि तो जेवता जेवता मान वर न करता "बरं केलंस" म्हणाला होता. आता बोटाला तिथे बारीकसा उंचवटा लागला. त्याने पॉलिश पेपर घेऊन घासलं. रंग गेला. खाली गंज नव्हता. खाली पिवळं पितळ होतं.

नळी कधीतरी फुटली होती आणि कुणीतरी पितळेचं वेल्डिंग करून जोडली होती.

कुणीतरी कशाला, कुणी ते मिस्त्रीला बघताक्षणी कळलं. वेल्डिंगवाले गावात पायलीला पन्नास, पण पितळ असं पातळ, एकसारखं, कडेला नळीत विरून जाईल असं ओतणारा एकच. जुन्या छापखान्यामागे बसतो तो. त्याला सगळे पितळ्याच म्हणत.

नळी फुटल्याचं मिस्त्रीला फार वाटलं नाही. फुटतात नळ्या. पण गावातल्या सायकली ज्याच्याकडे येतात त्या आपल्या नवऱ्याला सोडून बायको दुसऱ्याच्या दारात गेली, तिथे सायकल टाकली, तिथून घेऊन आली, आणि वर गंजाची थाप मारली. इतकी वर्षं पितळ्या रस्त्यात भेटला की मान हलवायचा. ती मान हलवताना त्याला हे सगळं माहीत होतं. तिला स्मशानात पोचवायला तोही आला होता. मागे उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तेव्हा मिस्त्रीला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. तू जा, चहा सांगून ये."

ती गेल्यावर त्याने जोड तपासायला घेतला. पान्याने नळीवर टकटक केलं. मोकळ्या भागात नळी खणखणीत वाजली, जोडापाशी आवाज बसका, भरीव आला. नीट बघितलं तर जोडाच्या दोन बाजूंना पितळेने बुजवलेले टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके होते. म्हणजे आत दुसरी नळी सरकवून, तिला खिळे मारून, मग वरून पितळ ओतलं होतं. फुटक्या फ्रेमवर एवढी मेहनत कुणी करत नाही. मिस्त्रीने तर नसतीच केली. फुटलेली फ्रेम आली की तो गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणायचा, आणि गिऱ्हाईक तयार झालं की तिथल्या तिथे करवतीने तिचे दोन तुकडे करून भंगारात टाकायचा. भंगारातून उचलून ती पुन्हा कुणी रस्त्यावर आणू नये म्हणून. सगळ्या गावाला ही त्याची पद्धत ठाऊक होती.

त्याने मागच्या चाकाच्या एका टोकापासून दोरा ताणला, पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. सारखं. फ्रेम जरासुद्धा तिरपी नव्हती. मग जोडावर रॉकेल चोळलं, ते मुरू दिलं, कोरड्या फडक्याने लख्ख पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. बारीक चीर असेल तर तिच्यात गेलेलं रॉकेल पुन्हा बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीत रेघ उमटते. तो वाट बघत बसला. पूड पांढरीच राहिली.

त्याने ती पुसली आणि पुन्हा सगळं केलं. रेघ यावी अशी त्याची इच्छा होती, हे त्याचं त्यालाही कळत होतं. पूड पुन्हा पांढरीच राहिली. जोड इतका चांगला होता की त्याच्या पोटात दुखायला लागलं.

मुलगी चहा घेऊन आली. "झालं? देऊ का हवा भरून?"

"चालवायची नाही," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"नळी फुटली होती. डाग देऊन ठेवलाय. कच्चा आहे जोड."

"कुणी दिला डाग?"

इथे त्याने जीभ आवरायला हवी होती. "आहे एक पितळ्या म्हणून. छापखान्यामागे. दुसरं कुणाचं काम असणार?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हात ओळखू येतो."

"इतकं वाईट काम करतात ते?"

मिस्त्रीने चहाचा घोट घेतला. तोंड भाजलं. "वाईट म्हणजे... शोभेचं करतो. रस्त्यावर शोभा काय कामाची?" आणि कप ठेवून त्याने भिंतीवरची करवत काढली.

मुलगी पेटीवरून उठली आणि सायकलच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. "बाबा, करवत खाली ठेवा."

"दुकानाची पद्धत आहे. माझ्याकडे—"

"दुकानाची असेल. सायकल दुकानाची नाही."

ती आवाज चढवत नव्हती. चढवला असता तर त्यालाही चढवता आला असता. तिने सायकल स्टँडवरून उतरवली, पंप घेऊन दोन्ही चाकांत हवा भरली, चेनवर तेल सोडलं. तो करवत हातात घेऊन नुसता बघत राहिला.

"कुठे निघालीस?"

"दुसऱ्या डॉक्टरकडे," ती म्हणाली आणि सायकल घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी ती घंटी वाजवत, सायकलवर बसूनच बोळात शिरली. मिस्त्रीने भाजी चिरायला घेतली होती. त्याने विचारलं नाही. तिने जेवायला बसल्यावर आपणहून सांगितलं.

"काका म्हणाले फ्रेम उत्तम आहे. म्हणाले, हा जोड तुटायच्या आधी सायकलचं बाकी सगळं तुटेल."

"कोण काका?"

"तेच. पितळेकाका."

"तो काय माझा भाऊ लागतो, काका म्हणायला?"

"मग काय मामा म्हणू?"

मामा म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं, असं मिस्त्रीच्या मनात आलं.

"तुम्हाला माहितीये ती नळी कशी फुटली?" मुलीचे डोळे चमकत होते. "आई वळणावरून येत होती. तिथे न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर एक कुत्रं बसलं होतं, अगदी दाढी करायला आल्यासारखं, गळ्याला फडकं बांधून. ही बघते त्याच्याकडे, आणि समोर गादीवाल्याची हातगाडी उभी. धाडकन मागून घुसली. सायकल गाडीखाली आणि आई वर गाद्यांवर! गादीवाला घाबरून पांढरा पडला, आणि ही तिथेच बसून हसतेय. काका म्हणाले, दुकानात सायकल घेऊन आल्या तरी हसतच होत्या. पाणी दिलं तर ते नाकातून आलं."

मुलगी हसत सुटली. मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. नाकातून पाणी येईपर्यंत हसणारी बायको त्याने बघितली होती, पण फार वर्षांपूर्वी, मुलगी व्हायच्या आधी. नंतरचं ते हसू पितळ्याने बघितलं.

"मला का नाही सांगितलं?"

"आई काकांना म्हणाली होती, घरी कळलं तर आधी सायकलीचे दोन तुकडे होतील आणि मग माझं बाहेर पडणं बंद." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "खोटं आहे का?"

त्याने भाजीची वाटी पुढे ओढली.

"मग येता-जाता थांबायची म्हणे तिथे. चेन बघून घ्यायची, घटकाभर बसायची."

"चेन मी बघत नव्हतो का?"

"बघत होता?" मुलीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. त्यालाही नीट आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून ती सायकलवरून कामाला जायला लागली. जाताना दुकानासमोरून जायची आणि घंटी वाजवायची. मिस्त्री मान वर करायचा नाही, पण घंटी वाजेपर्यंत त्याचं कामातही लक्ष नसायचं. सायकलची त्याला काळजी नव्हती. जोड त्याने स्वतःच्या हाताने तपासला होता, तुटणारा नव्हता तो. नुसता डोळ्यांत खुपत होता.

एका दुपारी काही कारण नसताना तो जुन्या छापखान्याच्या गल्लीतून गेला. पितळ्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. दोन सिलिंडर, एक भट्टी, आणि भिंतीला एक बाक. बाकावर एक जाडशी, कडेला शिवण उसवलेली उशी. पितळ्या काळा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आला. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाला ठिणग्यांची भोकं.

"या मिस्त्री! आज इकडे कसा रस्ता चुकलात?"

"घाईत आहे," मिस्त्री म्हणाला आणि चालता झाला. पण उशी त्याने नीट बघून घेतली. पितळ्या एकटा राहायचा. एकटा माणूस वेल्डिंगच्या दुकानात बाकावर उशी ठेवील कशाला? घरी येईपर्यंत त्या उशीने त्याचं डोकं खाल्लं.

आठवडा संपत आला तेव्हा दूधवाला आपली सायकल खांद्यावर टाकून आला. फाटकाला धडकला होता. पुढचं चाक भाकरीसारखं वाकडं झालेलं.

"चाक तेवढं सरळ करा मिस्त्री. फ्रेमला काही झालेलं नाही, मी बघितलंय."

"तू दूध बघ," मिस्त्री म्हणाला आणि त्याने सवयीने आधी हँडलचा बोल्ट सैल केला. वरचा नट काढला, आणि पुढच्या चाकाला धरणारा चिमटा उभ्या नळीतून खाली ओढून काढला. बेअरिंगचे छर्रे ताटलीत खळखळले.

"अहो, चाक म्हटलं मी! चिमटा कशाला काढताय?"

"ऐक. समोरून धडक बसली की पहिला मार कुणाला? चिमट्याला. चिमट्याची ही मान आत नळीत असते, वरून दिसत नाही. लोक फ्रेम बघतात, रंग बघतात, आणि चीर असते इथे, मानेच्या तळाशी. फ्रेम तुटली तर आधी कुरकुरते, वाकते, काहीतरी सांगते. मान तुटली की हँडल हातात येतं आणि माणूस—"

तो थांबला.

"आणि माणूस काय?" दूधवाल्याने विचारलं.

धाडकन मागून घुसली. मुलगी भाकरी मोडत मोडत सांगत होती आणि त्याने त्यातलं फक्त हसणं ऐकलं होतं. समोरून धडक. ज्या धडकेने नळी फुटली, ती चिमट्यातून गेल्याशिवाय नळीपर्यंत पोचलीच नसणार. आणि त्याने चिमटा काढला नव्हता. कुठल्याही गिऱ्हाइकाचा पहिला काढतो, तो आपल्या घरच्या सायकलचा काढला नव्हता. त्याचे डोळे त्या पिवळ्या रेघेला चिकटून बसले होते.

मुलगी रोज संध्याकाळी टेकडीचा उतार उतरून यायची. ब्रेक दाबत.

"दुकान बघ," तो दूधवाल्याला म्हणाला.

"मी? अहो, माझं दूध—"

पण मिस्त्री आपल्या सायकलवर टांग टाकून निघालासुद्धा होता. टेकडीचा चढ तो या वयात सायकलवर बसूनच चढायला लागला. अर्ध्यात पायडल फिरेना तेव्हा उतरून ढकलत पळाला.

लॅब सुटायची वेळ झाली होती. फाटकातून पांढरे कोट हातावर टाकलेल्या मुली बाहेर पडत होत्या. त्याची मुलगी मैत्रिणीचा निरोप घेऊन सायकलवर बसायच्या बेतात होती.

"बसू नकोस!"

तिने वळून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा? घरी काही झालं का?"

"नाही. सायकलवर बसू नकोस. चिमट्याची मान बघायची राहिलीय."

उतरलेला चेहरा तिथल्या तिथे कडक झाला. मैत्रीण हळूच पुढे निघून गेली.

"परवा जोड होता. आज चिमटा. उद्या घंटी असेल."

"तसं नाही. समोरून धडक बसली होती, तूच सांगितलंस."

"आणि तुम्हाला आज आठवलं. बाबा, तुम्हाला ती सायकल नको आहे. त्या काकांनी हात लावलाय म्हणून नको आहे. सरळ बोला ना."

बाजूने लोक जात होते. त्याने सायकलचं हँडल घट्ट धरलं, ती निघून जाऊ नये म्हणून.

"परवा मी खोटं बोललो," तो म्हणाला. "जोड कच्चा नाही. दोनदा तपासला मी. चांगला आहे हे कळलं, आणि तेच मला सहन झालं नाही. म्हणून म्हटलं कच्चा."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आज खोटं बोलत नाही. मान फुटलीय असंही म्हणत नाही. मी बघितलेली नाही, एवढंच म्हणतोय. माझ्यावर विश्वास नसेल तर बघू नकोस माझ्याकडून. पितळ्याकडे चल. त्याच्यासमोर काढू."

"तुम्ही येणार तिथे?"

"येतो."

दोघं दोन सायकली ढकलत उतार उतरले. उतार लांबलचक होता, आणि मध्ये एकदा तिचं चाक खड्ड्यात आपटलं तेव्हा मिस्त्रीचा हात आपोआप पुढे गेला. खाली पोचल्यावर ती म्हणाली, "पळत आलात टेकडीवर?"

"अर्धं सायकलवर बसून आलो."

पितळ्या दुकान आवरत होता. बाप-लेकीला एकत्र बघून तो जरा गडबडला, मग त्याने बाकावरची उशी झटकली आणि मुलीला बसायला सांगितलं. "तिथे बस. वहिनी तिथेच—" आणि त्याने जीभ चावली.

मिस्त्रीने ते ऐकलं. आता त्याला वेळ नव्हता. "हिच्या चिमट्याचं काय केलं होतंत तुम्ही?"

"वाकला होता. सरळ केला."

"काढून?"

पितळ्याने चष्मा कपाळावरून काढून खिशात ठेवला. "नाही. जागेवरच. वहिनींना घाई होती, तुम्ही घरी यायच्या आत—" तो थांबला. "मान नाही बघितली."

"आणि परवा?"

"परवा जोड बघितला. पोरगी विचारत होती जोडाचं." तो हे अगदी हळू म्हणाला, आणि लगेच पान्याकडे वळला.

दोघांनी मिळून चिमटा काढला. एकाने चाक धरलं, दुसऱ्याने नट फिरवला. मानेवरचं जुनं काळं ग्रीस पुसलं, रॉकेल चोळलं, मुरू दिलं, पुसलं. खडू पितळ्याकडे होता, कापड आखायचा चपटा खडू. मिस्त्रीने तो कानशीवर घासून पूड केली आणि मानेच्या तळाशी भुरभुरली.

मग वाट बघणं आलं. मिस्त्रीला समोरच्या उशीकडे बघायचं नव्हतं. तो खाली बघत राहिला.

आधी पितळ्याला दिसलं. "आली," तो म्हणाला.

पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळपट ओली रेघ उमटत होती. एका बाजूने निघाली, पुढे सरकली, आणि मानेला अर्धा वेढा घालून थांबली.

खरं सांगायचं तर मिस्त्रीला पहिल्यांदा आनंद झाला. सापडली याची चूक! असं काहीतरी त्याच्या छातीत उसळलं. ते क्षणभरच टिकलं. मग त्याला दिसायला लागलं की याच मानेवर भरवसा ठेवून बायको बाजारात जायची, बहिणीकडे जायची, टेकडी उतरायची. आणि रोज रात्री ही सायकल त्याच्याच बोळात उभी असायची, त्याच्या हातापासून दोन पावलांवर.

पितळ्या जमिनीवरच बसला होता. "माझ्या हातून मोठी चूक झाली मिस्त्री. वहिनींना काही झालं असतं तर..."

"नाही झालं," मिस्त्री म्हणाला. "आणि परवा मीही बघितलं नाही. मला तर सवय आहे काढायची."

"दोघंही त्या एका जोडाकडे बघत बसलात," मुलगी म्हणाली. "एकाला तो आवडत होता म्हणून, आणि एकाला आवडत नव्हता म्हणून. आणि मी रोज त्या उतारावरून ब्रेक दाबत येतेय."

दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.

"आता फ्रेमचं काय?" तिने विचारलं. "ती चालेल का? खरं खरं सांगा."

काम पितळ्याचं होतं, तो कसा सांगणार? तो मिस्त्रीकडे बघायला लागला. मिस्त्रीने फ्रेम उचलून उजेडात नेली. उभ्या नळीची दोन्ही तोंडं बोटाने चाचपली, आत डोकावून बघितलं, सगळे जोड एकेक करून पुसले. पिवळ्या रेघेवर शेवटी आला. नखाने ती एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने खरवडली. नख कुठेही अडलं नाही.

"फ्रेम चालेल," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. हा जोडही." मग जिवावर आल्यासारखं, पण म्हणाला, "असा जोड मला जमला नसता. चिमटा मात्र नवा. जुना सरळ केलेला चालणार नाही."

पितळ्या लगबगीने उठला. "नवा आहे माझ्याकडे, याच मापाचा. बसवतो आत्ता."

"मी बसवतो."

"अहो, दुकान माझं आहे."

"बायको माझी होती," मिस्त्री म्हणाला.

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"आणि सायकल माझी आहे," मुलगी म्हणाली. "एकाने बसवा, दुसऱ्याने बघा. कुणी काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण भांडू नका. मला भूक लागलीय."

शेवटी पितळ्याने बसवला. त्याचा हात ग्रीसमध्ये आधीच गेला होता. मिस्त्रीने फ्रेम धरली आणि एकेक छर्रा जागेवर बसताना डोळ्यांत तेल घालून बघितला. नट आवळायची पाळी आली तेव्हा त्याने पाना मागून घेतला, आणि पितळ्याने तो दिला. पुढचं चाक गुडघ्यांत धरून, हँडल दोन्हीकडे पिळून त्याने बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"बस झालं बाबा," मुलगी म्हणाली. "इतकं तर तुम्ही मलाही कधी तपासलं नाही."

पितळ्या हसला, आणि बहुतेक बरं वाटल्यामुळे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी म्हणायच्या तसेच आहात. म्हणायच्या, झोपेतसुद्धा नट आवळतात. घोरणंही तसंच, आधी सैल, मग करकचून."

"मी घोरत नाही," मिस्त्री म्हणाला.

"घोरता," मुलगी म्हणाली.

"हे असलं तिने तुम्हाला सांगायचं कारण काय?"

"कारण काय असणार? बसल्या बसल्या. तुमच्याशिवाय दुसरा विषय कुठे होता त्यांना?"

मिस्त्रीला राग आला. घरातलं बोलणं असं चव्हाट्यावर, आणि तेही या माणसापुढे. आपल्याबद्दल ती आपल्याशी बोलली नाही, याच्याशी बोलली. पण पाय काही निघेनात.

मुलगी सायकलवर बसली, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन दोन्ही ब्रेक दाबून परत आली. "चला बाबा. जेवायचं नाही का?"

"तू हो पुढे. भाजी चिरून ठेवलीय," मिस्त्री म्हणाला. "मी येतो मागून."

ती वळली. तिची घंटी छापखान्याच्या कोपऱ्यावर वाजली आणि मग ऐकू येईनाशी झाली. मिस्त्रीने फडकं घेऊन हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला. पितळ्या जुना चिमटा कोपऱ्यात टाकून उभा होता, शेड बंद करावी की थांबावं हे न कळून.

"आणखी काय म्हणायची?" मिस्त्रीने विचारलं.